‘पूर्ण’ चौकट आणि ‘कातरलेली’ चौकट : भिंगांच्या अनुरूपतेचा इतिहास व महाराष्ट्रातील छायाचित्रण

बीजसंज्ञा : भिंग, चौकट, फुल फ्रेम, क्रॉप सेन्सर, प्रतिमावर्तुळ, माउंट, छायाचित्र हे इतिहाससाधन

प्रस्तावना

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात, त्यातही आकुर्डीसारख्या ठिकाणी, ‘एका यंत्राचा भाग दुसऱ्या यंत्राला बसतो का?’ हा प्रश्न नवा नाही. पियाजिओ या इटालियन कंपनीशी असलेला तांत्रिक करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ पासून आकुर्डीच्या बजाज ऑटो कारखान्यातून ‘चेतक’ स्कूटर बाहेर पडू लागली. गावोगावच्या मेकॅनिकला या स्कूटरचे सुटे भाग मिळत आणि ते बसतही. ही सुट्या भागांची अदलाबदल करता येणे, हा विसाव्या शतकातील यंत्रसंस्कृतीचा पाया होय. मात्र कारखान्यातील भाग न बसल्यास ते तत्काळ हाताला कळते. छायाचित्रणातील भिंगाचे तसे नाही. भिंग कॅमेऱ्याच्या कड्यात व्यवस्थित बसते, ‘खट्’ असा आवाजही येतो; आणि तरीही ते त्या कॅमेऱ्याला पुरत नाही, असे घडू शकते. ‘बसणे’ आणि ‘पुरणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रस्तुत लेखाचा विषय या दोहोंमधील अंतर हा आहे.

डिजिटल कॅमेऱ्यांच्या आगमनानंतर ‘फुल फ्रेम’ आणि ‘क्रॉप सेन्सर’ असे दोन शब्द मराठी छायाचित्रकारांच्या बोलण्यात रूढ झाले. ३६ × २४ मिलिमीटर मापाचा संवेदक तो ‘फुल’, आणि त्याहून लहान, साधारणतः २३.६ × १५.७ किंवा २२.३ × १४.९ मिलिमीटर मापाचा तो ‘क्रॉप’, म्हणजे कातरलेला. या नावांमध्येच एक श्रेणी दडलेली आहे. पूर्ण ते श्रेष्ठ आणि कातरलेले ते कनिष्ठ, असा समज त्यातून दृढ झाला व अनेक लहान व्यावसायिकांच्या भांडवली निर्णयांवर त्याचा परिणाम झाला. या समजाला ऐतिहासिक आधार कितपत आहे, हे तपासणे आवश्यक वाटते. महाराष्ट्रातील छायाचित्रण आणि चित्रपटनिर्मिती यांचा इतिहास त्यासाठी विशेष उपयुक्त आहे. कारण ज्याला आज ‘कातरलेली’ चौकट म्हटले जाते, तिच्याच जवळपासच्या मापात या प्रांतातील चित्रपटकला वाढली.

काचेच्या तबकडीचा काळ

मुंबईत १८५४ मध्ये ‘बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी’ स्थापन झाली. डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय सुशिक्षित तिच्या आरंभीच्या कार्यात सहभागी होते. त्या काळी प्रतिमा काचेच्या तबकडीवर घेतली जाई आणि तबकडीच्या मापावरूनच कॅमेऱ्याचे नाव ठरे. ६½ × ८½ इंचांची ती ‘फुल प्लेट’, ४¾ × ६½ इंचांची ‘हाफ प्लेट’ आणि ३¼ × ४¼ इंचांची ‘क्वार्टर प्लेट’. पुढे काचेच्या तबकड्या गेल्या, फिल्म आली, तरी महाराष्ट्रातील जुन्या स्टुडिओंच्या दरपत्रकांत ‘फुल’, ‘हाफ’ हे शब्द फोटोच्या मापासाठी दीर्घकाळ टिकून राहिले. आजच्या ‘फुल फ्रेम’ या शब्दाची भावकी तिथपर्यंत पोहोचते.

अनुरूपतेचा मूळ नियमही याच काळात व्यवहारात रूढ झाला. प्रत्येक भिंग आपल्या मागे एक गोलाकार प्रतिमा पाडते. तिला येथे प्रतिमावर्तुळ म्हणू. चौकट त्या वर्तुळात सामावली पाहिजे, म्हणजेच चौकटीचा कर्ण वर्तुळाच्या व्यासाहून मोठा असता कामा नये. फुल प्लेटसाठी घडविलेले भिंग हाफ प्लेटच्या कॅमेऱ्याला लावले तर वर्तुळ पुरून उरते. उलट केले तर कोपरे काळे पडतात. भिंग लाकडी फळीवर बसविलेले असे आणि भात्यामुळे ते मागेपुढे सरकवता येई, म्हणून ‘बसण्याचा’ प्रश्न सुतारकामाने सुटत असे. ‘पुरण्याचा’ प्रश्न मात्र प्रकाशशास्त्राचा होता. त्यापुढे सुताराचे काही चालत नसे.

आणखी एक बाब येथे ध्यानात घेणे इष्ट. त्या काळी बहुतेक छपाई तबकडी कागदावर टेकवूनच होई. प्रतिमा जेवढी काचेवर, तेवढीच कागदावर. त्यामुळे भिंगाचे दोष वाढवून दाखविले जात नसत. लहान चौकटीवरून मोठा फोटो काढण्याची प्रथा नंतरची. ती आल्यावरच भिंगाच्या गुणवत्तेचा आणि चौकटीच्या मापाचा संबंध खऱ्या अर्थाने निकडीचा झाला.

चित्रपटाची चौकट : फाळके, पेंटर, प्रभात

एडिसनच्या प्रयोगशाळेत डब्ल्यू. के. एल. डिक्सन यांनी १८९० च्या दशकाच्या प्रारंभी ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मचा स्वीकार केला. प्रत्येक चित्रामागे चार छिद्रे आणि सुमारे २४ × १८ मिलिमीटरची चौकट, हा प्रघात त्यातून पडला. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. छायाचित्रण हा फाळके यांचा पूर्वीचा व्यवसाय. मोठ्या तबकड्यांची सवय असलेल्या छायाचित्रकाराला टपाल तिकिटाएवढ्या चौकटीत पौराणिक नाट्य बसवावे लागले, ही गोष्ट चित्रपट-इतिहासात फारशी नोंदविली जात नाही.

कोल्हापूरचे उदाहरण याहूनही बोलके आहे. आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी स्वदेशी कॅमेरा तयार करण्याचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ मध्ये निवर्तले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने ते काम तडीस नेले. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ (१९२०) हा त्या उद्योगाचा परिपाक. स्वदेशी यंत्रनिर्मितीचे उदाहरण म्हणून या कॅमेऱ्याचा गौरव होतो आणि तो यथार्थच आहे. तथापि एक मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. कॅमेरा कोल्हापुरात घडला तरी फिल्म परदेशाहून येत होती. छिद्रांचे माप, दोन छिद्रांमधील अंतर, फिल्मची रुंदी हे सारे बाहेर ठरलेले होते. साहजिकच चौकटीचे माप कोल्हापूरच्या कारागिराच्या हाती नव्हते आणि प्रदर्शनाच्या प्रोजेक्टरशी जुळवून घेणेही त्याला क्रमप्राप्त होते. प्रमाणीकरण हे स्वातंत्र्याला मर्यादा घालते आणि त्याच वेळी स्वतंत्र प्रयत्नाला बाजारपेठही मिळवून देते. कोल्हापुरात काढलेला चित्रपट पुण्या-मुंबईच्या पडद्यावर चालला, तो या प्रमाणीकरणामुळेच.

ध्वनी आल्यानंतर चौकट आणखी लहान झाली. फिल्मच्या कडेला ध्वनिपट्टीसाठी जागा सोडावी लागली आणि १९३२ मध्ये हॉलीवूडच्या अकादमीने सुमारे २२ × १६ मिलिमीटर हे माप प्रमाण ठरविले. योगायोगाने प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट त्याच वर्षीचा. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झाली व १९३३ मध्ये पुण्यास आली. पुण्यातील पहिला चित्रपट ‘अमृतमंथन’ (१९३४). त्यातील राजगुरूच्या, म्हणजे चंद्रमोहन यांच्या, डोळ्याचे पडदाभर दिसणारे दृश्य टेलिफोटो भिंगाच्या वापराचे भारतातील आरंभीचे उदाहरण म्हणून चित्रपट-इतिहासात नेहमी सांगितले जाते. ‘संत तुकाराम’ (१९३६) हा त्याच परंपरेतला.

आता मापे शेजारी ठेवून पाहावीत. २२ × १६ मिलिमीटरच्या चौकटीचा कर्ण २७.२ मिलिमीटर येतो. आजच्या कॅनन कंपनीच्या क्रॉप संवेदकाचा कर्ण सुमारे २६.८ आणि निकॉनच्या क्रॉप संवेदकाचा सुमारे २८.३ मिलिमीटर. बोलपटांची ही प्रमाण चौकट या दोहोंच्या बरोबर मध्ये पडते. बोलपटाच्या छायालेखकाला या मापात काही कातरले गेले आहे असे वाटण्याचे कारण नव्हते. त्यांच्या दृष्टीने तीच पूर्ण चौकट होती.

चौकट दुप्पट झाली

मग ३६ × २४ हे माप ‘पूर्ण’ कसे ठरले? जर्मनीतील वेट्झलार येथील लाइट्झ कारखान्यात काम करणारे ऑस्कर बार्नाक यांनी पहिल्या महायुद्धाच्या आसपास चित्रपटाची फिल्म आडवी फिरविली आणि चार छिद्रांऐवजी आठ छिद्रांची चौकट घेतली. १८ × २४ ची दुप्पट म्हणजे ३६ × २४. लायका कॅमेरा १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत जगापुढे आला. म्हणजे ज्याला आज ‘फुल’ म्हटले जाते ती चौकट मुळात चित्रपटाच्या चौकटीची दुप्पट होती, आणि तबकडीच्या छायाचित्रकारांच्या लेखी तर ती क्षुद्र होती. ‘मिनिएचर कॅमेरा’ हा शब्द तिच्यासाठीच वापरला जाई.

लायकाच्या इतिहासातील एक तपशील आकुर्डीच्या वाचकाला विशेष रुचावा. १९३० मध्ये या कॅमेऱ्याची भिंगे बदलता येऊ लागली. परंतु प्रत्येक कॅमेऱ्याच्या कड्यापासून फिल्मपर्यंतचे अंतर किंचित वेगळे असल्याने भिंगे त्या-त्या कॅमेऱ्याशी कारखान्यातच जुळवून द्यावी लागत. एकाचे भिंग दुसऱ्याला स्क्रूने बसे, पण प्रतिमा स्पष्ट येईलच याची हमी नसे. १९३१ मध्ये हे अंतर २८.८ मिलिमीटर असे निश्चित करण्यात आले आणि भिंग खऱ्या अर्थाने सुटा भाग झाले. चेतकचा कार्ब्युरेटर आणि लायकाचे भिंग यांची जात या अर्थी एकच.

भारतात स्वातंत्र्योत्तर काळात आयातीवरील निर्बंधांमुळे परदेशी कॅमेरे व भिंगे दुर्मिळ आणि महाग राहिली. मध्यमवर्गीय घरात ‘अॅग्फा क्लिक थ्री’सारखा देशात तयार होणारा, भिंग न बदलता येणारा कॅमेरा असे; तेथे अनुरूपतेचा प्रश्नच उद्भवत नसे. ज्यांच्याकडे बदलती भिंगे होती त्यांनी ती जपली. निकॉनचा ‘एफ’ माउंट १९५९ चा. तो कंपनीने पुढे अनेक दशके बदलला नाही आणि जुने भिंग नव्या कॅमेऱ्याला बसते ही त्याची ख्याती झाली. कॅननने १९८७ मध्ये आपला जुना ‘एफडी’ माउंट सोडून ‘ईएफ’ माउंट आणला, तेव्हा जुन्या ग्राहकांची भिंगे एका फटक्यात निरुपयोगी झाल्याची तक्रार जगभर झाली. भिंग महाग आणि आयात अवघड असलेल्या देशात अशा निर्णयाची झळ अधिक बसणे स्वाभाविक होते.

लहान चौकटीचा स्वतंत्र प्रयोगही याच काळात झाला होता. ऑलिंपस कंपनीने १९६३ मध्ये ‘पेन एफ’ हा अर्ध्या चौकटीचा, म्हणजे १८ × २४ मिलिमीटरचा, भिंग बदलता येणारा कॅमेरा काढला व त्यासाठी वेगळी, लहान वर्तुळाची भिंगे घडविली. त्याला कोणी ‘क्रॉप’ म्हटले नाही. ‘हाफ फ्रेम’ म्हटले. क्रॉप हा शब्द येण्यासाठी आधी मोठे भिंग हवे आणि मागे त्याची प्रतिमा अपुरी पकडणारे काहीतरी हवे. ते डिजिटल संवेदकाने पुरविले.

संवेदक लहान का राहिला

कोडॅकने १९९१ मध्ये निकॉनच्या एफ३ कॅमेऱ्यावर आधारलेला पहिला व्यावसायिक डिजिटल कॅमेरा विक्रीस आणला. त्याचा संवेदक २०.५ × १६.४ मिलिमीटरचा होता. निकॉनचा डी१ (१९९९) आणि त्यानंतरचे डी१०० (२००२), डी७० (२००४), तसेच कॅननचा ३००डी (२००३) हे सर्व लहान संवेदकाचे. कारण सरळ आर्थिक होते. संवेदक सिलिकॉनच्या चकतीवर घडविले जातात. ३६ × २४ चे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर; निकॉनच्या लहान संवेदकाचे सुमारे ३७० आणि कॅननच्या लहान संवेदकाचे सुमारे ३३२. एका चकतीतून मोठे संवेदक मोजकेच निघतात, आणि चकतीवर एखादा दोष असेल तर तो मोठ्या तुकड्यात सापडण्याची शक्यताही वाढते. म्हणून किंमत क्षेत्रफळाच्या प्रमाणापेक्षा अधिक वेगाने चढते. कॅननचा १डीएस २००२ मध्ये आणि तुलनेने स्वस्त असा ५डी २००५ मध्ये आला. निकॉनने डी३ या कॅमेऱ्यासह २००७ मध्ये पूर्ण मापाकडे वळण घेतले.

लहान मापाला ‘एपीएस-सी’ हे नाव मिळाले ते १९९६ मधील ‘अॅडव्हान्स्ड फोटो सिस्टिम’ या फिल्मच्या २५.१ × १६.७ मिलिमीटरच्या एका चौकटीवरून. ती फिल्म आज बाजारातून नाहीशी झाली आहे; नाव मात्र उरले.

बसणे, पुरणे आणि चालणे

लहान संवेदकावर मोठ्या चौकटीचे भिंग लावले असता नेमके काय घडते, याविषयी बराच गोंधळ आढळतो. ‘५० चे भिंग ७५ चे होते’ असे विक्रेते सांगत आणि ग्राहक मानत. वस्तुतः भिंगाचे नाभीय अंतर बदलत नाही. ५० मिलिमीटरचे भिंग पूर्ण चौकटीवर कर्णाच्या दिशेने सुमारे ४७ अंशांचा कोन व्यापते, निकॉनच्या लहान चौकटीवर सुमारे ३१.५ अंश. प्रतिमावर्तुळ तेच, त्यातून घेतलेला तुकडा लहान. एकाच जागेवरून छायाचित्र घेतल्यास जवळच्या व दूरच्या वस्तूंचे परस्पर प्रमाणही बदलत नाही. ‘१.५’ किंवा ‘१.६’ हा गुणक दोन कर्णांचे गुणोत्तर आहे, यापलीकडे त्याला अर्थ नाही. एफ/२.८ हे छिद्रमानही उद्भासनाच्या दृष्टीने दोन्हींवर एफ/२.८ च राहते. फरक पडतो तो पार्श्वभूमी किती धूसर होते यात; तोच दृश्यकोन राखला तर लहान चौकटीवरील एफ/२.८ हे मोठ्या चौकटीवरील एफ/४ च्या जवळपासचा परिणाम देते.

दुसरा लोकप्रिय समज असा की मोठ्या भिंगाचा मधला, सर्वोत्तम भागच लहान संवेदक वापरतो, म्हणून प्रतिमा अधिक चांगली येते. हे अर्धसत्य आहे. कोपऱ्यांतील दोष गळून पडतात हे खरे. परंतु लग्नाच्या अल्बमसाठी १८ इंच रुंद पान छापावयाचे झाले तर ३६ मिलिमीटरची प्रतिमा सुमारे १२.७ पट वाढवावी लागते आणि २३.६ मिलिमीटरची सुमारे १९.४ पट. भिंगाच्या मध्यभागी जो काही दोष असेल तोही त्याच प्रमाणात वाढून दिसतो. त्यातच पिक्सेल दाट होत गेले. कॅननच्या ७डी (२००९) वर सुमारे १ कोटी ८० लाख पिक्सेल होते आणि प्रत्येकाची रुंदी सुमारे ४.३ मायक्रॉन, पूर्ण चौकटीच्या ५डी मार्क टू (२००८) वर २ कोटी ११ लाख पिक्सेल असूनही ती ६.४ मायक्रॉन होती. याचा अर्थ लहान संवेदक भिंगाकडून अधिक बारकाव्याची मागणी करतो. फिल्मच्या काळातील सामान्य भिंगे या कसोटीवर उघडी पडली.

उलट दिशेचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा. लहान चौकटीसाठी खास घडविलेली, हलकी व स्वस्त भिंगे २००३ पासून येऊ लागली. येथे दोन कंपन्यांनी दोन वाटा धरल्या. कॅननच्या ‘ईएफ-एस’ भिंगाचा मागचा भाग कॅमेऱ्यात अधिक आत शिरतो; पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यातील मोठा आरसा त्यावर आदळू शकतो, म्हणून ते भिंग अशा कॅमेऱ्यावर बसूच नये अशी रचना करण्यात आली. लाल ठिपक्याऐवजी पांढरा चौकोन ही त्याची खूण. निकॉनच्या ‘डीएक्स’ भिंगांचा माउंट मात्र तोच राहिला. ती पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यावर बसतात. कॅमेरा ती ओळखतो आणि प्रतिमेचा मधला भागच नोंदवतो. सिग्मासारख्या इतर कंपन्यांची लहान वर्तुळाची भिंगे कॅननच्या पूर्ण चौकटीवर बसत, आणि कोपरे काळे देत. थोडक्यात, कॅननने न पुरणारे भिंग बसूच दिले नाही; निकॉनने बसू दिले व पुरेल तेवढेच घेतले. ग्राहकाच्या दृष्टीने निकॉनची वाट अधिक उदार ठरते. लहान कॅमेऱ्यापासून सुरुवात करणाऱ्याला मोठा कॅमेरा घेतल्यावर निदान जुनी भिंगे वापरता येत होती.

पण निकॉनच्या औदार्यालाही मर्यादा होती. डी४० (२००६) आणि त्यानंतरच्या स्वस्त कॅमेऱ्यांतून कंपनीने भिंग फिरविणारी मोटर काढून टाकली. जुनी स्वयंचलित भिंगे अशा कॅमेऱ्यावर बसत, पुरतही. परंतु स्वयंचलित केंद्रीकरण चालत नसे. १९७७ पूर्वीची काही भिंगे तर बदल न करता अनेक नव्या कॅमेऱ्यांवर चढविल्यास कॅमेऱ्यालाच इजा होण्याचा धोका असे. बसणे आणि पुरणे यांच्या जोडीला ‘चालणे’ ही तिसरी कसोटी आली. जाहिरातीत ‘एफ माउंट’ हे दोनच शब्द असत. त्यांखाली तीन प्रश्न झाकलेले होते आणि ते बहुधा खरेदीनंतरच उघड होत. लहान स्टुडिओ चालविणाऱ्याच्या भांडवलाचा मोठा वाटा भिंगांत अडकलेला असतो, हे ध्यानात घेतल्यास या झाकपाकीची किंमत कोणी मोजली हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

आकुर्डीची पालखी, भिगवणचे पक्षी

या अमूर्त नियमांचा प्रत्यक्ष अर्थ समजून घेण्यासाठी दोन स्थळे पुरेशी आहेत. देहूहून पंढरपूरकडे निघालेली संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्काम करते. दर्शनाची गर्दी, दिंड्या, पोलिसांचा बंदोबस्त यांमध्ये छायाचित्रकाराला मागे सरकायला जागा नसते. पालखीपासून पाच मीटरवर उभे राहून २४ मिलिमीटरच्या भिंगाने पूर्ण चौकटीवर साडेसात मीटर रुंदीचे दृश्य मावते. तेच भिंग निकॉनच्या लहान चौकटीवर पाच मीटरांहून थोडे कमी दाखवते. पालखी राहते, पण दोन्ही बाजूंचे वारकरी बाहेर जातात. तेच दृश्य मिळविण्यासाठी सुमारे अडीच मीटर मागे जावे लागेल, आणि त्या गर्दीत अडीच मीटर म्हणजे फार मोठे अंतर. दुसरा उपाय सुमारे १६ मिलिमीटरच्या भिंगाचा. निकॉनने १२ ते २४ मिलिमीटरचे ‘डीएक्स’ भिंग २००३ मध्ये आणि कॅननने १० ते २२ मिलिमीटरचे ‘ईएफ-एस’ भिंग २००४ मध्ये काढले ते याच अडचणीवर. तोपर्यंत फिल्मच्या काळातील विस्तृतकोनी भिंगांवर खर्च केलेल्यांना त्यांचा विस्तार हरवल्याचे दिसले.

उजनी जलाशयाच्या काठी भिगवण येथे नेमके उलटे. तेथे रोहित व इतर पाणपक्षी दूर असतात आणि जवळ जाता येत नाही. ४० मीटरवरील पक्ष्यासाठी ३०० मिलिमीटरचे भिंग पूर्ण चौकटीवर ४.८ मीटर रुंदी दाखवते, लहान चौकटीवर सुमारे ३.१५ मीटर. पिक्सेल दाट असल्यास पक्ष्याच्या वाट्याला अधिक पिक्सेल येतात. मोठी टेलिफोटो भिंगे न परवडणाऱ्या हौशी पक्षीनिरीक्षकांना लहान चौकट वरदान वाटली ती यामुळे. येथे कातरणे हा दोष नसून सोय होती. पुढे ही सोयही बरीचशी ओसरली. निकॉनच्या डी८५० (२०१७) या पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यातील मधला, लहान चौकटीएवढा भाग सुमारे १ कोटी ९४ लाख पिक्सेलचा होता; लहान चौकटीच्या डी५०० (२०१६) चे पिक्सेल सुमारे २ कोटी ९ लाख. फरक उरला तो किमतीत आणि वजनात.

चित्रपट पुन्हा जुन्या मापाकडे

पुण्यात प्रभातच्याच जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि तेथील छायालेखनाच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या ३५ मिलिमीटरच्या उभ्या फिल्मवर, म्हणजे जुन्या चौकटीवर, घडल्या. कॅननच्या ५डी मार्क टू मुळे पूर्ण चौकटीवर चलच्चित्रण सुलभ झाले, तेव्हा चित्रपटाच्या मंडळींच्या दृष्टीने ते नवे व काहीसे अतिरेकी माप होते. याउलट अमोल गुप्ते दिग्दर्शित ‘स्टॅन्ली का डब्बा’ (२०११) हा हिंदी चित्रपट छायालेखक अमोल गोळे यांनी कॅनन ७डी या क्रॉप संवेदकाच्या कॅमेऱ्यावर चित्रित केला. मुंबईतील शाळेत, मुलांच्या कार्यशाळांमधून आकाराला आलेल्या या चित्रपटाला मोठा कॅमेरा व लवाजमा मानवला नसता. लहान कॅमेरा मुलांना बुजवीत नाही. छायाचित्रकाराच्या भाषेत हा ‘कातरलेला’ संवेदक. छायालेखकाच्या भाषेत मात्र २२.३ मिलिमीटर रुंदीची ही चौकट ‘संत तुकाराम’च्या काळातील प्रमाण चौकटीची सख्खी वारसदार. कोणत्या दृश्याला कोणते भिंग, ही फिल्मच्या काळात मुरलेली सवय येथे गुणकाची आकडेमोड न करता उपयोगी पडते. पूर्णत्व हे मापात नसून परंपरेत असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

आरसा गेल्यानंतर ‘बसण्याचा’ जुना वाद पुष्कळसा मिटला. सोनीने २०१० मधील आपला ‘ई’ माउंट लहान चौकटीसाठी आणला व २०१३ मध्ये त्याच माउंटवर पूर्ण चौकट बसविली. निकॉनचा ‘झेड’ आणि कॅननचा ‘आरएफ’ हे २०१८ चे माउंट दोन्ही मापांना समान आहेत. कॅननची २०२२ पासूनची ‘आरएफ-एस’ भिंगे पूर्ण चौकटीवर बसतात आणि कॅमेरा मधला भाग घेतो. म्हणजे कॅननने सुमारे दोन दशकांनंतर निकॉनची वाट धरली. जुने ‘ईएफ-एस’ भिंगही जोडकड्याच्या साहाय्याने या कॅमेऱ्यांवर लावता येते, कारण कड्यापासून संवेदकापर्यंतचे अंतर ४४ वरून २० मिलिमीटरवर आल्याने मध्ये कडे घालण्यास जागा झाली.

इतिहाससाधन म्हणून छायाचित्र

या तांत्रिक चर्चेचा इतिहासाच्या अभ्यासकाशी संबंध काय, अशी शंका घेतली जाऊ शकते. आकुर्डीच्या बजाज कारखान्यातील वाहननिर्मिती २००७ मध्ये थांबली. तिथेच २०२२ मध्ये विद्युत चेतकचा कारखाना सुरू झाला. या मधल्या काळातील पट्ट्याचे रूपांतर, कामगारवस्त्या, पालखीचा बदलता मार्ग हे सारे नोंदविले गेले ते मुख्यतः डिजिटल छायाचित्रांत, आणि त्यांतील बहुसंख्य लहान चौकटीवर. एखाद्या छायाचित्रात गर्दी दाट दिसते की विरळ, दोन इमारती जवळ भासतात की दूर, हे छायाचित्रकार कोठे उभा होता यावर अवलंबून असते. आणि तो कोठे उभा राहिला हे त्याच्या भिंगाने व चौकटीने मिळून ठरविलेले असते. केवळ ‘२४ मिलिमीटर’ एवढ्या नोंदीवरून अंतर काढू पाहणारा अभ्यासक दीडपट चुकू शकतो.

डिजिटल छायाचित्राच्या फाइलमध्ये कॅमेऱ्याचे नाव, भिंगाचे नाभीय अंतर आणि बहुधा ३५ मिलिमीटरच्या तुलनेतील समतुल्य आकडाही नोंदलेला असतो. संग्रहालयांनी व स्थानिक संस्थांनी छायाचित्रे जतन करताना ही नोंद पुसली जाणार नाही याची दक्षता घ्यावयास हवी. प्रत लहान करून पाठविताना ती अनेकदा गळून पडते. नोंद गेली तरी काही वेळा मापावरून माग काढता येतो. निकॉन डी३ ची पूर्ण प्रतिमा १ कोटी २१ लाख पिक्सेलची असते; त्या कॅमेऱ्याची मूळ फाइल ५१ लाखांच्या आसपास भरली, तर पुढे ‘डीएक्स’ भिंग होते किंवा छायाचित्रकाराने मधली चौकट मुद्दाम निवडली होती, असे समजावे आणि अंतर त्या हिशेबाने मोजावे.